वीसच्या आतली मुले

दरवर्षी ३० सप्टेंबरला जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर जितकी नावे असतात, त्यावरून त्या शाळेला किती गुरुजी मिळणार हे ठरते. या हिशेबाला संचमान्यता म्हणतात. गावाचा रस्ता कसा आहे, पालक कशावर पोट भरतात, पुढची शाळा ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, यांपैकी कशालाच त्यात रकाना नाही. एक आकडा पुरतो, आणि अलीकडे तर आधार क्रमांक जुळलेल्या मुलांचाच आकडा धरला जातो. तो घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याचे समायोजन होते. आणि पट वीसच्या खाली उतरला की शाळेचे नाव एका वेगळ्याच यादीत जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने या यादीतल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ हे नमुने समोर ठेवले होते. यादीत साधारण १४,८०० शाळा होत्या. मुले सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक तीस हजारांच्या आसपास. म्हणजे शाळेमागे बारा-तेरा मुले आणि शिक्षकामागे सहा. अर्थखात्याने या भागाकारावर बोट ठेवले तर त्याला दोष देता येणार नाही. पण ही बारा-तेरा मुले कोण आहेत, हे त्या भागाकारातून कळत नाही, आणि शाळेचा निर्णय खरे तर तेवढ्या एका माहितीवरच व्हायला हवा.

पट का घटतो, याचे एकच एक उत्तर नाही. पहिले कारण शिक्षणाच्या बाहेरचे आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर २.९ च्या घरात होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ वर आला. पूर्वी ज्या वाडीत दरवर्षी सात-आठ मुले पहिलीला यायची, तिथे आता तीन-चार येतात, आणि ही तर कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची आपण मागत आलेलो फलश्रुती आहे. त्यात कोकणासारख्या भागात स्थलांतराची भर पडते. २०११ च्या जनगणनेत आधीच्या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांहून अधिक घटलेली दिसली. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे आकसत होते. गिरण्यांच्या काळात घरधनी मुंबईला आणि बायकामुले गावी अशी रीत होती, म्हणून वाडीवरच्या शाळा भरलेल्या असत. आता बिऱ्हाडच विरार-डोंबिवलीला जाते आणि गावी राहतात म्हातारी माणसे. अशा वाडीतल्या शिक्षकाने प्रवेशोत्सवात कितीही ढोलताशे वाजवले, तरी नसलेली मुले तो कुठून आणणार? त्याची गुणवत्ता आणि त्याचा पट यांचा इथे काही संबंध उरत नाही. तरीही आढावा बैठकीत ‘पट का कमी?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जातो.

दुसरे कारण मात्र शिक्षणाच्या आतले आहे आणि त्याची चर्चा फार वरवर होते. पालकांना इंग्रजीची ओढ आहे, म्हणून मुले खासगी शाळेत जातात, असे सांगून आपण मोकळे होतो. ओढ आहेच; पण तिच्या आधी दाराचा प्रश्न आहे. खासगी शाळेचे दार मुलाच्या तिसऱ्या वर्षी उघडते, जिल्हा परिषद शाळेचे सहाव्या. मधल्या काळासाठी अंगणवाडी आहे, पण ती दुसऱ्या खात्याकडे आणि बहुधा दुसऱ्या इमारतीत. तिचा मुख्य भर पोषणावर राहिला आणि अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर नोंदवह्यांचे ओझे आले. तीन वर्षे एका गणवेशात, एका पिवळ्या गाडीतून गेलेल्या मुलाला सहाव्या वर्षी तिथून काढून गावच्या शाळेत घालणे हा पालकाला मागे येण्यासारखा निर्णय वाटतो, आणि तो सहसा कोणी घेत नाही. म्हणजे स्पर्धा सुरू व्हायच्या आत निकाल लागलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एक धरला, तेव्हा ही फट बुजवायची संधी आली होती. शाळेच्या आवारातली अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका सूत्रात गुंफली असती, तर पटाचा निम्मा प्रश्न कागदावर तरी सुटला असता. ते काम अजून तुकड्या-तुकड्यांत चालले आहे. पालक सरकारी शाळेकडे पाठ फिरवूनच बसले आहेत, हेही पूर्ण खरे नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयोगटातली सरकारी शाळेत असलेली मुले २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आली. हातात पैसा नव्हता आणि खासगी शाळा बंद होत्या तेव्हा लोक आले; परिस्थिती सुधारली तसे परत गेले. आलेल्यांना धरून ठेवायला दोन वर्षे मिळाली होती, ती आपण वाया घालवली.

तिसरे कारण हंगामी आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयते निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. ३० सप्टेंबरच्या पटावर ही मुले असतात, डिसेंबरच्या वर्गात नसतात. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा यांची सोय कधी बरी चालते, कधी अनुदानाअभावी रखडते. इथे पट फुगलेला दिसतो आणि वर्ग रिकामा असतो; कोकणात पट घटलेला असतो, पण जी मुले आहेत ती रोज येतात. संचमान्यतेच्या लेखी पहिली शाळा दुसरीपेक्षा सुदृढ ठरते.

ही तीन कारणे वेगळी केली की पुढची गोष्ट दिसू लागते. पट घटताना सगळ्या घरांतून सारखी मुले जात नाहीत. ज्यांना दुसरीकडे जाणे परवडते ते आधी जातात: नोकरदार, बागायतदार, दुकानदार, ज्यांच्या घरी दुचाकी आहे ते, ज्यांचा एकुलता मुलगा आहे ते. त्यांच्यामागून, शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांमधल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर, गरिबांपैकी जे ऑनलाइन अर्ज भरू शकतात, दाखले जमवू शकतात आणि सोडतीच्या तारखेवर नजर ठेवू शकतात, ते जातात. त्यांचा तो हक्कच आहे. सरकारी शाळा एका किलोमीटरच्या आत असेल तर जवळच्या खासगी शाळेला या जागांतून सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, तेही योग्यच झाले. पण या सगळ्या गाळणीतून खाली कोण उरते ते पाहिले पाहिजे. उरतात दलित वस्तीतली आणि पाड्यावरची मुले, भटक्या जमातींची, वीटभट्टीवर नाहीतर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांची, आजीकडे ठेवलेली, अपंगत्व असलेली, आणि मुली. ग्रामीण भागात सरकारी शाळांत मुलींचे प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त असते, हे ‘असर’च्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसत आले आहे. एकाच घरातला मुलगा पिवळ्या गाडीत आणि बहीण पायी जिल्हा परिषदेत, हे चित्र ज्याला ग्रामीण महाराष्ट्र ठाऊक आहे त्याला नवे नाही. शंभर पटाच्या शाळेत गावातली सगळी घरे असतात. तीच शाळा पंधरावर येते, तेव्हा त्या पंधरांत बहुतेक अशीच मुले असतात ज्यांना दुसरी शाळा नाही. पट जितका उतरतो, तितकी उरलेल्यांची त्या शाळेवरची भिस्त वाढते. आपला नियम नेमका उलट चालतो: पट उतरला की तो आधार काढून घेतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. हा आकडा विचारपूर्वक ठेवलेला आहे, कारण एक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला तर शाळा बंद पडू नये. राज्याने १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षक दिनी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एका जागेवर कंत्राटी शिक्षक नेमायचा आदेश काढला. संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा वीसची मर्यादा दहावर आणली. आदेश बदलत राहिले तरी त्यांमागचा समज एकच आहे, की थोडी मुले म्हणजे थोडे काम. ज्याने एका खोलीत चार इयत्ता शिकवल्या आहेत तो हे कबूल करणार नाही. पाच मुले चार इयत्तांत विभागलेली असली, तरी पाठ चार इयत्तांचे घ्यावे लागतात. त्यावर शालेय पोषण आहाराचा हिशेब, सरल आणि यू-डायसच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज. तीनशे पटाच्या शाळेत हे काम दहा जणांत वाटले जाते, पंधराच्या शाळेत ते एकावर पडते. मग शिकवणे मागे राहते, ते पाहून आणखी दोन पालक मुले काढतात आणि पुढच्या ३० सप्टेंबरला पट तेरा होतो. या घसरणीला ‘पालकांचा कल’ म्हणणे म्हणजे भिंत आपणच पोखरायची आणि पडली की पावसाला दोष द्यायचा.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो टाळून चालणार नाही. सहा मुलांमागे एक पगारी शिक्षक राज्याला परवडतो का? भागाकारापुरते उत्तर ‘नाही’ असेच येते. पण तुलना कशाशी करायची हे आधी ठरवावे लागेल. शाळा बंद केल्याने शिक्षकाचा पगार वाचत नाही. तो नियमित सेवक आहे, दुसरीकडे जातो. वाचते ती पुढे भरायची एक जागा. त्यापोटी वाहतूक भत्ता, गाडी, समूह शाळेच्या नव्या खोल्या, तोरणमाळसारख्या ठिकाणी वसतिगृह, हा खर्च उभा राहतो. गाडी एक वर्ष येते, दुसऱ्या वर्षी ठेकेदाराचे बिल अडकते आणि तिसऱ्या वर्षी मुलगी घरी बसते. ती घरी बसली याची नोंद लगेच होत नाही, कारण तिचे नाव समूह शाळेच्या पटावर असतेच. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा अंतर कमी आहे, जवळच दुसरी शाळा आहे, असे सांगितले गेले. नकाशावरचा एक किलोमीटर आणि जुलै महिन्यात साकव वाहून गेल्यावरचा एक किलोमीटर यांत फरक असतो, आणि सह्याद्रीच्या कुशीत तो फरक कधीकधी तीन महिने टिकतो. सहा वर्षांच्या मुलाच्या पायांनी मोजलेले अंतरच इथे ग्राह्य धरले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. तीन-चार मुलांच्या शाळेत मुलाला सोबत मिळत नाही, खेळाचे दोन गट होत नाहीत, वर्गात कोणाशी स्पर्धा नाही, वाद नाही. एकट्याने शिकणे हे पुरते शिकणे नव्हे. वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरची एका विद्यार्थ्याची शाळा २०२३ मध्ये देशभर गाजली. रोज त्या एका मुलासाठी येणाऱ्या गुरुजींचे कौतुक व्हायलाच हवे होते. पण ती व्यवस्था आदर्श म्हणून मिरवावी अशी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मात्र बहुवर्ग अध्यापन म्हणजे कमअस्सल अध्यापन, हा या आक्षेपाला चिकटून येणारा समज मान्य करता येत नाही. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने खेड्यातल्या एकशिक्षकी शाळांसाठी कृतिपत्रांची पद्धत घडवली, ती पुढे तमिळनाडूने मोठ्या प्रमाणावर वापरली. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटने ज्ञानरचनावादाचा जो प्रयोग केला, तो पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. जागतिक शिक्षक पुरस्कार २०२० मध्ये ज्यांना मिळाला ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. ती काही शहरातली हजार मुलांची शाळा नव्हती. लहान शाळा चांगली चालवता येते. मात्र त्यासाठी शिक्षकाला त्या पद्धतीचे प्रशिक्षण लागते, आणि आपल्या डी.एड.चा सारा अभ्यासक्रम एक वर्ग-एक इयत्ता असे गृहीत धरून बेतलेला आहे.

तिसरा आक्षेप असा, की लहान शाळा वाचवा म्हणणे हे शिक्षकांच्या नोकऱ्या वाचवण्याचे दुसरे नाव आहे, आणि पटाचा आकडा कडकपणे धरला नाही तर बोगस पट बोकाळेल. ऑक्टोबर २०११ ची राज्यव्यापी पटपडताळणी अजून लोकांच्या स्मरणात आहे. बोटाला शाई लावून मुले मोजावी लागली आणि लाखो नावे कागदावरचीच निघाली. तुकड्या, अनुदान आणि शिक्षकांच्या मान्यता टिकवण्यासाठी तो पट फुगवला गेला होता. हा धडा विसरू नये. पण त्या घोटाळ्याचे मूळही याच नियमात होते: सगळे काही एका आकड्यावर टांगले की त्या आकड्यावर दबाव येणारच. प्रत्येक मुलाची ओळख, घर, अंतर, हजेरी ही माहिती यू-डायसमध्ये आज मुलागणिक भरली जाते. सामाजिक प्रवर्ग, अपंगत्व यांचे रकाने तिथे आहेत. बोगस मूल शोधायला जी माहिती वापरता येते, तीच खऱ्या मुलाची गरज शोधायलाही वापरता येते. आपण ती पहिल्या कामासाठी वापरतो आणि दुसऱ्या कामाच्या वेळी तिची बेरीज करून टाकतो.

काही शाळा एकत्र कराव्यात, याला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. एकाच गावात हाकेच्या अंतरावर जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत आणि दोन्हींत मिळून पंचवीस मुले आहेत, अशी उदाहरणे आहेत. कुठे जुन्या काळी मुलांची आणि मुलींची शाळा वेगळी निघाली होती, कुठे वस्तीशाळा पुढे नियमित झाली आणि मधल्या काळात पक्का रस्ता आला. काही ठिकाणी तर गावठाणातली शाळा एका जातीची आणि वस्तीवरची दुसऱ्या जातीची, अशी वाटणी अबोलपणे टिकून आहे. तिथे शाळा एकत्र करणे हे शिक्षणापेक्षा मोठे काम आहे आणि ते अधिकाऱ्यांनी धीराने करावे. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये शेजारशाळेची कल्पना मांडली, तिच्यामागे हाच विचार होता, की एका परिसरातली सगळी मुले एका शाळेत यावीत. त्याच आयोगाने शाळा संकुलही सुचवले होते: आसपासच्या लहान शाळांनी ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा शिक्षक वाटून घ्यावेत. आजची समूह शाळा संकुलाचे नाव सांगते. पण संकुलात लहान शाळा टिकतात आणि समूह शाळेत त्या मिटतात. केंद्रशाळेत आठवड्यातून एक दिवस सहा-सात शाळांची मुले जमवली, खेळ आणि विज्ञान तिथे घेतले, तर सोबतीचा प्रश्न बराच सुटतो आणि पाच दिवस मूल आपल्या वाडीत राहते. यासाठी नवा कायदा नको, एक गाडी आणि जागा भरलेले केंद्रप्रमुख हवेत.

मग निर्णय कशावर व्हावा? जन्मच घटलेत आणि पुढची पाच वर्षे अंगणवाडीत मूल दिसत नाही, तिथे पटाला वेगळी वाट शोधावी लागेल हे मान्य. जिथे अंगणवाडीत मुले आहेत पण पहिलीत नाहीत, तिथे शाळेने आपले दार तीन वर्षे आधी उघडावे आणि शिक्षक काढायच्या ऐवजी एक वाढवून पाहावा. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद व्हायच्या वाटेवर होती. २०२५ मध्ये तिला जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. वीसच्या यादीवरून तिचा निकाल लावला असता तर तो तेव्हाच लागला असता. प्रत्येक शाळा जालिंदरनगर होणार नाही, हे खरे. पण कुठली होऊ शकते, हे आकडा सांगत नाही. आणि जी मुले सगळ्यांत मागे उरली आहेत त्यांच्यावर किती खर्च करायचा, हे ठरवताना आपला हात कसा चालतो तेही एकदा पाहावे. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींनी शाळेत यावे म्हणून १९९२ मध्ये राज्याने दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तीन दशके उलटून गेली तरी तो १ रुपयाच राहिला होता. सहा मुलांमागे एक शिक्षक ही उधळपट्टी आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा रुपयाही हिशेबात धरावा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. या समितीपुढे आणि ग्रामसभेपुढे मुलागणिक यादी ठेवल्याशिवाय कोणतीही शाळा बंद किंवा समाविष्ट करू नये: कोणते मूल, त्याचे घर कुठे, पुढची शाळा किती लांब, वाटेत काय आहे, त्याला कोण पोचवणार, आणि सहा महिन्यांनी ते तिथे जाते आहे की नाही हे कोण तपासणार. तुमच्या गावच्या शाळेचा पट वीसच्या आत असेल, तर पुढच्या ग्रामसभेत ही यादी मागा.